फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा

आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने बी.एस्सी. नर्सिंग इथे केले, तिथली परवाना परीक्षा दिली आणि गेली. तिच्या शिक्षणासाठी बहिणीने गळ्यातले मोडले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे तिने कर्ज काढून ‘नर्स प्रॅक्टिशनर’च्या अभ्यासक्रमाला नाव घातले तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आणि एका रविवारी तिचा फोन आला, “मामा, फी भरली, पेपर पास झाले, पण शिकायला जागाच मिळत नाही.”

आम्ही पडलो कारकून. कॉलेजात प्रवेश मिळाला, मग आता जागा कसली, हेच आम्हाला कळेना. आपल्या अनेक घरांतील मुली नर्सिंगकडे वळत आहेत, म्हणून हा प्रकार वाचकांपुढे मांडतो.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेतलेली परिचारिका. ती रोगी तपासते, निदान करते, औषध लिहून देते. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतील गरीब मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते, हे त्यामागचे कारण.

यातील पुस्तकी भाग आज घरी बसून संगणकावर करता येतो. रोगी तपासायला मात्र दवाखानाच लागतो. तिथे अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली काम शिकायचे. अशा शिकवणाऱ्याला तिकडे ‘प्रीसेप्टर’ म्हणतात. 2022 साली तेथील राष्ट्रीय निकषांत या कामाचे किमान तास 500 वरून 750 झाले. आठवड्याला 16 तास धरले तर 47 आठवडे होतात. त्यात मोठी माणसे, लहान मुले, स्त्रियांचे आजार, सगळे यायला हवे.

काही विद्यापीठे ही जागा स्वतः मिळवून देतात. काही मात्र विद्यार्थ्यालाच शोधायला सांगतात. आमच्या भाचीचे विद्यापीठ दुसऱ्या प्रकारचे निघाले. माहितीपत्रकात ‘मदत केली जाईल’ असे छापले होते. मदत म्हणजे दवाखान्यांची एक जुनी यादी.

दवाखाने नकार देतात त्यालाही कारण आहे. शिकवणाऱ्याला बहुधा पैसे मिळत नाहीत. शिकाऊ माणूस सोबत असला की रोग्यामागे वेळ जास्त जातो. डॉक्टरकीचे विद्यार्थीही त्याच दारात उभे असतात. कोणी होकार दिला तरी विद्यापीठ आणि दवाखाना यांच्यात करार व्हावा लागतो, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. या अडचणीवर धंदा करणाऱ्या एजन्सीही आहेत. जागा जुळवून देण्याचे त्या हजारो डॉलर घेतात. जॉर्जिया, मेरीलँड, हवाई अशा काही राज्यांनी प्रीसेप्टरना करात सवलत दिली आहे, तरी जागा पुरत नाहीत.

भाची रात्रपाळी करून दिवसा दवाखान्यांची दारे झिजवू लागली. आम्ही तिला आमच्या खात्यातली विद्या सांगितली, आवक-जावक रजिस्टर ठेव. कुठे गेलो, कोण भेटले, काय म्हणाले, पुन्हा कधी जायचे. त्या वहीत 60 च्या वर नावे झाली. ई-मेलना बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. अखेर तिच्याच वॉर्डातील एका वयस्क सिस्टरने आपल्या ओळखीच्या नर्स प्रॅक्टिशनरकडे शब्द टाकला आणि आठवड्याला दोन दिवस मिळाले. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी तिला आणखी चार महिने थांबावे लागले. पदवी एक सत्र लांबली, कर्जाचे व्याज वाढले.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. मुलगी परदेशात असा अभ्यासक्रम घेत असेल, तर फी भरण्याआधी विचारायला लावा : प्रीसेप्टर कोण शोधणार? नाही मिळाला तर फीचे काय? ती राहते त्या राज्यात या विद्यापीठाला परवानगी आहे का? उत्तर लेखी घ्या. जागेचा शोधही निदान सहा महिने आधी सुरू करावा.

मुलगी इथेच शिकणार असेल तरी प्रश्न टळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार नर्सिंग कॉलेजमागे 100 खाटांचे रुग्णालय लागते. इमारत, गणवेश आणि बस पाहून प्रवेश घेऊ नका. ते रुग्णालय कुठे आहे, किती लांब आहे, तिथे रोगी येतात का, हे एका सकाळी स्वतः जाऊन पाहा. एक दिवसाची रजा पडेल, पण वर्ष वाचेल.

आणि ज्या भगिनी आज सिस्टर, इन्चार्ज, मेट्रन आहेत, त्यांनाही विनंती आहे. नवी मुलगी वॉर्डात आली की तिला “बाजूला उभी राहा” म्हणू नका. तिच्या हातात काम द्या, चुकले तर दाखवा. आपल्यालाही कोणीतरी असेच शिकवले होते.

भाचीचे आता थोडेच तास उरले आहेत. परवा म्हणाली, “मामा, पास झाले की दरवर्षी एक मुलगी माझ्याकडे शिकायला घेईन.” आम्ही तारखेसह डायरीत लिहून ठेवले आहे. विसरली तर आठवण करून देऊ.