‘नाही’ न म्हणणारा आरसा

द्वितीय वर्ष, कला

दुकानात न जाता आणि अंगावर न घालता, एखादा कपडा आपल्याला कसा दिसेल हे पाहण्याची सोय आता मोबाईलमध्ये झाली आहे. आपला उभा फोटो द्यायचा, हवा तो कुर्ता किंवा शर्ट निवडायचा, की काही क्षणांत तो आपल्या अंगावर चढलेला दिसतो. इंग्रजीत याला ‘व्हर्च्युअल ट्राय-ऑन’ म्हणतात. मराठीत ‘आभासी चाचणी’ म्हणता येईल, पण तो शब्द रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आल्यासारखा वाटतो. म्हणून या लेखापुरते मी त्याला ‘मोबाईलमधला आरसा’ म्हणते. आपल्या महाविद्यालयात या आरशाविषयी दोनच मते ऐकू येतात. एक, ‘काय कमाल आहे!’ आणि दुसरे, ‘सगळी फसवाफसवी आहे.’ मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

गुरुजनांपैकी कोणी म्हणतील की हा नटण्यामुरडण्याचा विषय. त्यावर वार्षिकांकाची पाने कशाला खर्चावीत? परंतु ज्या गावात १८७७ साली कापडगिरणी निघाली आणि तिला लोक आजही ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखतात, ज्या गावच्या चादरीला गावाच्याच नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जेथे शिवलेले गणवेश परप्रांतांतल्या शाळांतून घातले जातात, त्या गावाने कपडा कसा विकला जातो याचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा? आमच्या पूर्व भागात घरटी एक तरी माणूस कापडावर जगतो. माझे वडील यंत्रमागावर आहेत आणि अम्मा घरी बसून गणवेशांचे काज-बटण करते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आणि माझी फी कापडातूनच आलेली आहे.

आता मूळ मुद्दा. हा आरसा मुळी आरसा नाहीच. तो चित्रकार आहे. आरसा समोर असेल ते दाखवतो. हे यंत्र मात्र असंख्य फोटो पाहून शिकलेले असते, आणि त्या शिकवणीवरून ‘हा कपडा या अंगावर असा दिसत असावा’ असे एक नवेच चित्र काढते. गूगलने जून २०२३ मध्ये अमेरिकेत ही सोय दिली, तेव्हा स्त्रियांचे टॉप निरनिराळ्या बांध्याच्या व वर्णाच्या मॉडेलांवर दिसत. ग्राहकाने स्वतःचाच फोटो द्यावा, ही सोय त्यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केली. याच्या आधीपासून चष्म्याची फ्रेम मोबाईलवर चेहऱ्याला लावून पाहता येत होती, आणि ती गोष्ट बरीच विश्वासार्ह आहे. कारण उघड आहे. फ्रेम ताठ असते. ती नाकावर बसते, लोंबत नाही, चुणत नाही, धुतल्यावर आटत नाही. कपड्याचे तसे नाही. कपडा अंगाबरोबर हलतो, बसल्यावर वर चढतो, हात उचलला की काखेत ओढतो. हे सारे एका फोटोवरून कळणार कसे?

म्हणूनच या चित्रकाराचा मोठा दोष असा, की तो कधी ‘नाही’ म्हणत नाही. छातीचे माप छत्तीस असो की बेचाळीस, कपडा अंगावर बेतून दाखवणे एवढेच त्याचे काम. बहुतेक ठिकाणी त्याला आपले माप ठाऊकच नसते. आपण ते सांगितलेले नसते आणि त्याने विचारलेले नसते. माझ्या एका मैत्रिणीने अशाच चित्रावर भाळून एक कुर्ता मागवला. चित्रात तो तिला इतका नेमका बसला होता, की जणू शिंप्याने समोर उभे करून माप घेतले आहे. प्रत्यक्षात हात मुंढ्यातच अडकला. ती बिचारी म्हणाली, ‘मीच जाड झाले असेन.’ मला राग आला तो याचाच. कपडा चुकला, तर दोष कपड्याचा. पण चित्र इतके गोड होते की दोष तिने स्वतःच्या शरीराकडे घेतला. घरातला फुटका आरसासुद्धा असे करीत नाही. मी स्वतःचा फोटो देऊन पाहिले, तेव्हा कुर्ता दिसला तो दिसला, पण माझा रंगही एक छटा उजळलेला दिसला. तो मी मागितला नव्हता!

एवढे वाचून कोणाला वाटेल, मी या आरशाच्या विरुद्ध आहे. तसे मुळीच नाही. उलट एका गोष्टीसाठी मी त्याची ऋणी आहे, आणि ती गोष्ट मुलांपेक्षा आमच्या वर्गातल्या मुलींना लवकर कळेल.

आपल्या गावात चाटी गल्ली आहे. चाटी म्हणजे कापड विकणारा. जुना मराठी शब्द आहे, आता फक्त गल्लीच्या नावात उरला आहे. अशा पेठेतल्या साडीच्या दुकानात विक्रेता साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो. मिशा असलेला माणूस पैठणीचा पदर सावरत उभा राहतो, आणि समोरच्या बायका त्याच्या जागी स्वतःला पाहतात! हीसुद्धा एक आभासी चाचणीच म्हणायची, आणि ती गूगलच्या कितीतरी आधीची आहे. ज्यांच्या पर्समध्ये पैसे आहेत त्यांच्यासाठी ती फार सुंदर आहे. परंतु ज्यांच्याकडे नाहीत त्यांचे काय? दुकानात शिरताच पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती, ताई?’ दुसऱ्या गठ्ठ्याला हात लावला की, ‘घेणार असाल तरच काढतो हं.’ अम्मा तर गादीवर बसायलाही कचरते. उंबऱ्याशी उभी राहूनच भाव विचारते. दिवसाला शेकडो गणवेशांना बटणे लावणारी ही बाई कापड दोन बोटांत धरून त्यात सूत किती नि पॉलिएस्टर किती ते सांगते, पण आपल्याच गावातल्या शोरूममध्ये तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तयार कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम असते खरी. परंतु छुप्या कॅमेऱ्यांच्या बातम्या वाचल्यापासून कितीतरी मुली तिथे जायला घाबरतात, आणि ज्या जातात त्या बाहेर आल्यावर ‘नको’ म्हणायला घाबरतात. दोन कपडे घालून पाहिले आणि एकही घेतला नाही, तर जणू काही चोरीच केली!

मोबाईलमधला आरसा यातले काहीच विचारत नाही. खिशात चारशे रुपये असताना चार हजारांचा ड्रेस अंगावर पाहावा, हसावे आणि पुढे जावे. कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. ‘पाहून न घेण्याचा’ हक्क आजवर पैसेवाल्यांचा होता. तो प्रथमच आमच्या हाती आला आहे. याला चैन म्हणणाऱ्यांनी एकदा साध्या चपला घालून, हातात कापडी पिशवी घेऊन एखाद्या झगझगीत दुकानात शिरून पाहावे.

तरीही ‘नाही’ कोण म्हणणार, हा प्रश्न उरतोच. ते काम मापाचे आहे, आणि मापाच्या बाबतीत आपली स्थिती फार विचित्र आहे. तयार कपड्यांचे ठराविक आकार पाडण्याची पद्धत रुजली ती बरीचशी सैनिकांच्या गणवेशांमुळे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लाखो गणवेश एकदम शिवावे लागले होते. स्त्रियांच्या मापांसाठी अमेरिकन सरकारने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापे घेतली. मात्र १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध करताना केवळ गोऱ्या स्त्रियांचीच मापे हिशेबात धरली. आपल्याकडची स्मॉल, मीडियम, लार्ज ही अक्षरे अशाच परक्या तक्त्यांतून आलेली आहेत. भारतीय शरीरांची मापे घ्यावीत म्हणून ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइझ’ ही पाहणी हाती घेतली. २०१८ साली ती जाहीर झाली, तेव्हा १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे घेण्याचे ठरले होते. शहरे सहा: दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग. देशाला गणवेश शिवून देणारे सोलापूर त्यात नाही! यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे खांदे आणि मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईची पाठ मुंबईच्या मापात बसते का, हे कोणी पाहावे?

आता फोटोविषयी थोडे. आमच्यासारख्या घरात एक मोबाईल तिघेचौघे वापरतात. मुलीने डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो कोणा परक्या कंपनीला दिला, हे घरात कळले तर कपडा राहील बाजूला, मोबाईल जाईल आणि कदाचित महाविद्यालयही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीशिवाय माहिती न वापरण्याचा, दिलेली संमती परत घेण्याचा व माहिती पुसून टाकायला लावण्याचा हक्क मान्य केला आहे. पण तो बजावायचा कुठे, तर इंग्रजीतल्या बारीक अक्षरांच्या मजकुरात शोधायचे. ‘तुमचा फोटो आम्ही ठेवला नाही’ हे एक वाक्य मराठीत, चित्राच्या खालीच लिहिणे एवढे अवघड आहे काय?

विकणाऱ्यांकडून माझे मागणे फार नाही. चित्र खुशाल दाखवा. पण त्याच्या शेजारी शिवलेल्या कपड्याची खरी मापे इंचांत द्या. छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची. कापडात सूत किती टक्के ते सांगा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो आणि चित्रातल्या पॉलिएस्टरला घाम येत नसतो. धुतल्यावर कापड किती आटेल तेही लिहा. आणि शिवणीत आत माया किती ठेवली आहे, हे अवश्य सांगा. माया असली तर गल्लीतला शिंपी चार टाके उसवून कपडा सैल करून देतो. नसली तर परत पाठवण्यावाचून गत्यंतर नाही. गणवेश शिवणाऱ्या आपल्या गावच्या कारखानदारांना ही मापे तोंडपाठ असतात, कारण त्याखेरीज कटिंगच होत नाही. आपला माल मोबाईलवरून विकताना ती लिहायला त्यांना एक तास पुरेल.

तोवर मैत्रिणींनी निदान एवढे करावे. शिलाईची टेप वीस-पंचवीस रुपयांत मिळते. आपल्याला उत्तम बसणारा एक कुर्ता सतरंजीवर सपाट पसरावा आणि त्याची मापे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत. छाती काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करायची आणि मुंढा वाकवून मोजायचा. सरळ मोजला तर अर्धा-पाऊण इंच कमी भरतो, असे अम्मा सांगते.