बाबू गेनूंची स्वदेशी आणि हिरड्याचा भाव

१२ डिसेंबर आला की स्वदेशीच्या कार्यक्रमांतून हुतात्मा बाबू गेनूंच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो. ते उचितच आहे. परंतु या बलिदानाकडे केवळ भावनेने पाहिले की त्यामागील व्यवहार नजरेआड होतो, आणि स्वदेशी हा तर मुळात व्यवहाराचाच विषय आहे.

बाबू गेनू सैद हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. जन्म १९०८ चा, घर गरीब शेतकऱ्याचे. शेजारच्या जुन्नरचा हातकागद एके काळी दप्तरांत नावाजलेला होता. इंग्रजी अमदानीत यंत्रावरच्या स्वस्त कागदापुढे त्या कारागिरांचा निभाव लागला नाही. अशा काळात घाटावरील तरुणाला मुंबईच्या गिरणीवाचून दुसरा आधार कोणता? माणूस गिरणगावात, कुटुंब गावी आणि दोहोंना जोडणारी मनीऑर्डर, ही असंख्य घरांची रीत झाली.

१९३० च्या कायदेभंगात मुंबईचा कापडबाजार हीच रणभूमी ठरली. मूळजी जेठा मार्केटपाशी देशसेविका निरोधनास उभ्या राहत. एप्रिलमध्ये वृत्तपत्रांची गळचेपी करणारा वटहुकूम निघाला, तेव्हा चळवळीची वार्ता गुप्तपणे छापलेल्या पत्रकांतून हातोहात फिरू लागली. १२ डिसेंबरला काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या लॉरीपुढे बावीस वर्षांचा हा गिरणी कामगार आडवा झाला. लॉरी अंगावरून गेली. सरकारपक्षाने त्याला अपघात म्हटले.

ब्रिटिश कापडाची आयात १९२९-३० मध्ये सुमारे १२५ कोटी वार होती. पुढील वर्षी ती ५२ कोटींवर आली. जागतिक मंदीचा वाटा मान्य करूनही बहिष्काराचा घाव नाकारता येत नाही. त्याचा लाभ देशी गिरणीमालकांना झाला, हेही खरे. एवढ्यावरून बहिष्काराला भांडवलदारांचा डाव ठरविणारे डावे पंडित त्या कामगाराच्या विवेकाचा अपमान करतात. मात्र त्यांचा एक प्रश्न स्वदेशीनिष्ठांनीही टाळू नये: देशी मालाची किंमत राबणाऱ्याच्या घरी कितीशी पोहोचते?

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला बाबू गेनूंचेच नाव आहे. त्याच पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. धरणावरच्या डोंगरांत आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे भरउन्हात हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि बहुधा व्यापारी सांगेल त्या भावाला देऊन टाकतात. मध्यमवर्गीय घरात त्रिफळा चूर्णाची बाटली स्वदेशी म्हणून अभिमानाने येते. त्यातला हिरडा वेचणाऱ्या वनवासी भगिनीच्या पदरात काय पडले, हे विचारणारा ग्राहक विरळाच. यंदाच्या १२ डिसेंबरच्या सभेला एक वक्ता त्या घरांतून बोलवावा, आणि भावाची चर्चा त्याच्या तोंडून ऐकावी.