पाच रुपयांचे पाकीट आणि रुपयाचा प्रश्न

रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडले. हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांचा नाही. आमच्या वस्तीतल्या किराणा दुकानातही तो रोज उभा राहतो. बिस्किटांच्या पाकिटाची किंमत पाच रुपयेच राहते, आतले वजन मात्र घटते. भाव वाढला की ओरड होते; वजन घटले तर कुणी बोलत नाही. रोजच्या मजुरीवर रोजचा किराणा भरणाऱ्या घराला हा मार आधी बसतो.

म्हणून आम्ही म्हणतो, पाकीट उलटून वाचा. बहुतेक बंद पाकिटांवर निव्वळ वजनासोबत प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते, असेही नाही. दर ताडून पाहा. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. मागितला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

हक्काची भाषा आपण मोर्चात बोलतो. ती दुकानाच्या फळीसमोरही बोलली पाहिजे. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरातले एक रिकामे पाकीट आणावे. सुरुवात तिथूनच करू.

जय भीम!