लक्ष नाही, की अक्षर सापडत नाही?

परवा भाचा आला होता. संगणकवाला. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी मेंदूवर चालणारा खेळ करायचं त्याच्या डोक्यात आहे. कपाळाला पट्टी बांधायची, ती मेंदूतले सूक्ष्म विद्युत बदल टिपते. मूल एकाग्र झालं की पडद्यावरचं विमान वर जातं, लक्ष विचलित झालं की खाली येतं. "मावशी, तू इतकी वर्षं शिकवलंस. कसं वाटतं?"

मला पाचवीतला एक मुलगा आठवला. गोष्ट सांगायला लागला की वर्ग हसवायचा, वाचायला उभा केला की घामाघूम. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' असा शेरा मी तीनदा लिहिला. २००७ साली 'तारे जमीं पर' पाहिला, तेव्हा मी निवृत्तीला आले होते. पडद्यावर मला तोच दिसत होता. लक्ष तर तो सगळ्यांपेक्षा जास्त देत असणार! अक्षर आणि आवाज यांची सांगडच बसत नव्हती.

म्हणून भाच्याला म्हटलं, लक्षावर विमान उडवू नकोस. माझाच चुकीचा शेरा यंत्र पुन्हा लिहील. नेदरलँड्समधल्या १९ मुलांच्या एका अभ्यासात (२०१०) मेंदूलहरींच्या प्रशिक्षणाने शुद्धलेखन सुधारलं, वाचन मात्र नाही. फिनलंडच्या 'ग्राफोगेम'मध्ये आवाज ऐकून अक्षर निवडायचं असतं. पट्टीबिट्टी काही नाही, पण घाव नेमका दुखण्यावर.

आपल्या लिपीची दुखणी तर वेगळीच. 'कि'ची वेलांटी दिसते आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला र उच्चारात य-च्या आधी, आणि बसतो य-च्या डोक्यावर! इंग्रजी खेळाचं नुसतं भाषांतर करून हे कसं जमणार?

मग पट्टी नकोच का? असू दे, पण गुण द्यायला नको. मूल दमल्यासारखं वाटलं तर खेळाने थांबावं, सोपं व्हावं, एवढ्यासाठीच. डोळे मिचकावले, दात आवळले तरी तिच्या नोंदीत गोंधळ होतो म्हणे. अशा वेळी अंदाज चुकला तर मुलाला दोन घटका विश्रांती मिळेल, इतकंच. शेरा चुकला तर काय होतं ते मी पाहिलंय.

भाच्याने सगळं लिहून घेतलं. असो. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. भेटला तर एवढंच म्हणायचंय, बाळा, लक्ष माझं नव्हतं.