पद्मिनीला लागला ठसका

रविवार सकाळ. अख्खं नाशिक मिसळीच्या दिशेने निघालेलं आणि अस्मादिक मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बॉनेटखाली डोकं घालून उभे. हाताला पेट्रोलचा वास, टी-शर्टला ग्रीस आणि खिशात सोसायटीची नोटीस : 'आपल्या वाहनातून पेट्रोल गळत असून ते सर्वांसाठी धोकादायक आहे. आठ दिवसांत योग्य ती व्यवस्था करावी.'

हे 'वाहन' म्हणजे आमच्या बाबांची १९८६ची प्रीमिअर पद्मिनी. सातपूरच्या नोकरीत पैसे साठवून घेतलेली. मला हॉस्पिटलमधून घरी घेऊन आलेली. नोटीस वाचून बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एवढंच म्हणाले, "भंगारवाल्याचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

बॉस, तिथेच आपली सटकली. म्हटलं, आठ दिवस तर आठ दिवस. बघूच!

ज्यांनी ही गाडी फक्त जुन्या सिनेमात पाहिलीय, त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट म्हणून आणि सत्तरच्या दशकापासून पद्मिनी या नावाने ही गाडी बाहेर पडू लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर आणि चेहऱ्यावर कायम शहाण्या मुलीचे भाव. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा कितीतरी लोकांच्या घशात आवंढा आला होता. आमच्या पद्मिनीच्या घशात मात्र पेट्रोल अडकलं होतं.

म्हणजे नेमकं काय? मेकॅनिकच्या भाषेत 'कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो'. आपली पिढी फ्युएल इंजेक्शनवाली. २०२०च्या बीएस-सिक्स नियमांनंतर तर नव्या बाइक आणि स्कूटरमधूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण फंडा एकदम सोपा आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी भरत आलं की बॉलकॉकचा गोळा वर तरंगतो आणि नळ बंद होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत अगदी हेच चालतं. गोळ्याच्या जागी फ्लोट, नळाच्या जागी नीडल. वाटीत पेट्रोल पुरेसं झालं की फ्लोट वर येतो आणि नीडल पेट्रोलची वाट बंद करते.

आता बॉलकॉक बिघडला की गच्चीवरून धबधबा सुरू होतो ना? तसंच इथे. वाट बंदच झाली नाही की जास्तीचं पेट्रोल इंजिनात उतरतं किंवा बाहेर ठिबकतं. मग सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि स्टार्टर मारून मारून बॅटरीचा जीव जातो तरी गाडी ढिम्म. आणि त्या वेळी आपण सगळे एकच चूक करतो : अॅक्सिलरेटर पंप करत बसतो. बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक वेळी पाय दाबला की आत पेट्रोलची आणखी एक पिचकारी जाते. म्हणजे ज्याला ठसका लागलाय त्यालाच वरून पाणी पाजायचं! खरा उपाय उलटा आहे. चोक पूर्ण आत ढकला, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि मग स्टार्टर मारा. भरपूर हवा आत गेली की साचलेलं पेट्रोल निघून जातं. अर्थात, पेट्रोल बाहेर ठिबकत असेल तर हा प्रयोग अजिबात नको. आधी गळती थांबवा.

हे ज्ञान मला उशिरा आलं. त्याआधीचे तीन रविवार मी आणि एका गॅरेजवाल्याने मिळून कार्ब्युरेटरचा छळ केला. तीनदा उघडला, तीनदा धुतला, नवी नीडल टाकली, फ्लोटची लेव्हल बदलली. दर वेळी गाडी झकास सुरू व्हायची आणि तीन-चार दिवसांत पुन्हा ठिबक ठिबक. नोटीस आली ती तिसऱ्या ठिबकीनंतर.

मग कुणीतरी जुन्या नाशकातल्या एका उस्तादांचं नाव सुचवलं. वय सत्तरच्या पुढे, हातात एक पाना आणि कानात बिडी. पेटवलेली नाही, फक्त अडकवलेली! त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. विचारलं, "साहेब, पेट्रोल कुठून येतं?"

"पंपावरून," मी म्हणालो.

"पंपावरून टाकीत. टाकीतून पुढे?" असं म्हणत ते डिकीकडे चालू लागले.

दोस्तांनो, अख्खी गंमत इथे आहे. दोष दिसतो कार्ब्युरेटरमध्ये, कारण तो रस्त्याचं शेवटचं स्टेशन आहे. पण तपास पहिल्या स्टेशनपासून करायचा. उस्तादांचा क्रम असा :

आधी टाकीचं झाकण. त्यातून हवा आत जायला हवी. ती वाट बुजली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि गाडी थोडी धावून बंद पडते. अशा वेळी झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो. मग फिल्टर. टाकीतला गंज सगळ्यात आधी तिथेच सापडतो. मग प्लग काढून बघायचे. ओले असतील तर पेट्रोल जास्त येतंय, कोरडे असतील तर पोहोचतच नाहीये. मग ऑइलची पट्टी. तिला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो किंवा ओव्हरफ्लोचं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. दोन्ही बाबतीत गाडी चालवायची नाही. दोष काढून ऑइल बदलायचं, मगच पुढे. सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरची वाटी. फ्लोट कानाशी हलवून बघायचा. आत खळखळ झाली तर तो फुटलाय. ज्याच्या पोटात पेट्रोल गेलं तो तरंगणार कसा?

आमचा फ्लोट ठणठणीत होता. पण नव्याकोऱ्या नीडलच्या टोकावर मोहरीपेक्षाही बारीक काळा कण बसलेला होता. उस्तादांनी तो नखावर घेऊन चिरडला. गंज नाही, रबर! मग त्यांनी पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधला पाईप काढला, ब्लेडने उभा चिरला आणि आतून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट. बाहेरून चकाचक दिसणारा पाईप आतून भुगा होत होता. फिल्टर पंपाच्या अलीकडे, पाईप पलीकडे. त्यामुळे प्रत्येक कण थेट नीडलवर जाऊन बसत होता. आम्ही नळ दुरुस्त करत होतो आणि कचरा पाइपलाइनमधून येत होता.

आणि तो पाईप दोन वर्षांपूर्वी कुणी बसवला होता? अस्मादिकांनीच! मीटरवर मिळणारा, नाव-गाव नसलेला, सगळ्यात स्वस्त.

यात आणखी एक ट्विस्ट आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. नव्या गाड्या त्याच हिशेबाने बनतात. पण १९८६च्या गाडीतल्या साध्या रबराला इथेनॉल मानवत नाही. पाईप फुगतात, मऊ पडतात, आतून सुटतात. पंपाचा पडदाही त्याच माळेतला मणी. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजण्याची भीती. म्हणून जुनी गाडी असेल तर इथेनॉल चालणारे पाईप, तसाच पडदा आणि व्हायटॉनच्या टोकाची नीडल टाका. खर्च एका वीकेंड पार्टीएवढाही नाही.

याच्या अगदी उलटा आजार म्हणजे पेट्रोल न मिळणं. मे महिन्यात कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट मी लहानपणी कितीतरी पाहिल्यात. इंजिनाच्या उष्णतेने पाईपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि वाफ ओढणं पंपाला जमत नाही. बाबा अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आईला म्हणायचे, "चल, तोवर चहा घेऊ." पंधरा मिनिटांत गाडी सुरू. आता कळतं, तो चहा हासुद्धा रिपेअरिंगचाच भाग होता!

असो. पाईप बदलला, वाटी धुतली, मी बाबांसमोर जाऊन कबुली दिली. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चिरलेला पाईप हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"नवा होता ना?"

"हो बाबा."

"मग नवा म्हणून तिकडे कुणी बघितलंच नसणार."

एवढंच बोलून त्यांनी किल्ली मागितली. आम्ही गंगापूर रोडने धरणापर्यंत गेलो आणि आलो. पार्किंगमध्ये गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. दहाव्या दिवशीही ते कोरडं होतं. त्याआधीच, म्हणजे आठव्या दिवशी, सोसायटीचे चेअरमन स्वतः खाली वाकून बघून गेले आणि वर येताना बाबांना विचारून आले, "कधीतरी एक चक्कर मारून आणता का?"

भंगारवाल्याचा नंबर मी डिलीट केलाय.

तुमच्यासाठी टिप्स

- पेट्रोल ठिबकत असेल तर स्टार्टर मारू नका. बॅटरीची वायर काढा, गाडी ढकलून मोकळ्या हवेत न्या. जवळ सिगारेट नको, मोबाइलचा चार्जर नको.
- डिकीत छोटं अग्निशामक सिलिंडर, एक फिल्टर, हातभर चांगला पाईप आणि दोन क्लिपा कायम असू द्या.
- एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.
- आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा. उभी राहिलेली गाडी आणि उभं राहिलेलं पेट्रोल, दोन्ही लवकर बिघडतात.

आणि हो, पेट्रोलचा वास हे परफ्यूम नाही. आला की लगेच बॉनेट उघडा!