बटण दाबलं म्हणजे संमती दिली?

मोबाईलच्या बॅलन्समधून न मागितलेल्या सेवेचे तीस-पस्तीस रुपये परस्पर कापले जातात, हा विषय आपल्या बैठकीत काढला की दोन-चार जण हसतात. अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, कंत्राटीकरण करून आरक्षण मागच्या दाराने संपवलं जातंय आणि ताई, तुम्ही कॉलर ट्यूनचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप प्रामाणिक आहे, हे मला मान्य आहे. तरीही तो चुकीचा आहे असं माझं मत आहे.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते बघू. राशिभविष्य, विनोद, क्रिकेटचा स्कोअर, गेम, कॉलर ट्यून असल्या प्रकारांना कंपन्यांच्या भाषेत 'मूल्यवर्धित सेवा' म्हणतात. यातल्या बऱ्याच सेवा मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या नसतातच, त्या तिसऱ्याच कुणाच्या असतात. मोबाईल कंपनी फक्त आपल्या खात्यातून पैसे वसूल करते, स्वतःचा वाटा ठेवते आणि उरलेले पुढे पाठवते. म्हणजे चुकीची वसुली जिने थांबवायची, तिलाच प्रत्येक वसुलीमागे कमिशन. हे फक्त भारतात घडतं असं नाही. अमेरिकेत २०१४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रकारासाठी एटी अँड टी आणि टी-मोबाईल या दोन बड्या कंपन्यांना धरलं. एटी अँड टीला १० कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले, टी-मोबाईलला किमान ९ कोटी डॉलर. ग्राहकाने न मागितलेल्या सेवेच्या रकमेतला किमान ३५ टक्के वाटा कंपनी स्वतःकडे ठेवत होती, असा आयोगाचा आरोप होता.

हे वाचताना मला कोकणातली खोती आठवते. खोत सरकारच्या वतीने सारा वसूल करायचा आणि मधल्यामध्ये कुळांकडून जास्तीचं काढून स्वतःचं घर भरायचा. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं ते याच मधल्या माणसाविरुद्ध. ही तुलना फार ताणायची गरज नाही, खोती ही जमिनीची आणि वेठीची गुलामगिरी होती. पण वसूल करणाऱ्याचाच त्या वसुलीत फायदा असेल तर गरिबाचा हिशोब कधीच बरोबर येत नाही, एवढं आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता कायद्याची बाजू. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांनी २०११ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना आदेश दिले. सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची, आणि सेवा बंद करण्यासाठी सगळ्या कंपन्यांचा एकच टोल-फ्री नंबर ठेवायचा, १५५२२३. कागदावर हे उत्तम आहे. पण सगळी इमारत 'संमती' या एका शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द आपल्या वस्तीत आला की पोकळ होतो.

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बहुतेक बाया घरकाम करतात. फोन साधा, बटणांचा. रेकॉर्ड केलेला कॉल येतो, गाणं वाजतं, कुणीतरी गोड आवाजात सांगतं की अमुक बटण दाबा. एका मावशींच्या फोनवरून महिनोन्महिने पैसे जात होते. टाकलेला रिचार्ज टिकत नाही म्हणून त्या मुलावर संशय घेत होत्या आणि त्यावरून घरात भांडणं होत होती. मी त्यांच्यासोबत कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने स्क्रीनकडे बघून सांगितलं, "मावशी, तुम्हीच बटण दाबलंय, इथे तारीख-वेळ आहे." मावशी मान खाली घालून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "असंल बाई. आम्ही अडाणी."

माझी चीड तीस रुपयांपेक्षा या वाक्याची आहे. सावकाराच्या कागदावर आपल्या माणसांचा अंगठा असायचाच. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नसे, पण अंगठा खरा असायचा आणि कोर्टात तोच चालायचा. आज अंगठ्याची जागा बटणाने घेतली आहे. तारीख खरी, वेळ खरी, बटण दाबलं तेही खरं. फक्त बाईला आपण कशाला हो म्हणतोय हे ठाऊक नव्हतं. जो मेसेज येतो तो बऱ्याचदा इंग्रजीत असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरायचा मोबाईल आहे, आणि त्यातल्या ७१ टक्केच बायांना मेसेज वाचता येतो. म्हणजे फोन असलेल्या दहा बायांपैकी जवळपास तिघींना कोणत्याही भाषेतला मेसेज वाचता येत नाही. शिक्षण कुणाला नाकारलं गेलं हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. आधी अक्षर नाकारायचं आणि मग अक्षर न वाचल्याची किंमत वसूल करायची!

प्रीपेड ग्राहकाला तर बिलच येत नाही, त्यामुळे चोरी दिसतही नाही. खर्चाचा तपशील मागायचा हक्क २०१२ च्या नियमांनी दिला आहे. मागच्या सहा महिन्यांतला मिळतो, पण त्यासाठी कंपनी ५० रुपयांपर्यंत घेऊ शकते. तीस रुपये कुठे गेले हे विचारायला पन्नास रुपये!

आणि यात आपणही अडकतो. १४ एप्रिलच्या आठवड्यात भीमगीत कॉलर ट्यून लावायची हौस कोणाला नसते? जयंती संपते, मिरवणुकीचा गुलाल धुतला जातो, ट्यूनचे पैसे मात्र दर महिन्याला जात राहतात. एका गल्लीत चाळीस घरं धरा. घरटी तीस रुपये म्हटले तरी वर्षाला १४ हजार ४०० होतात. कित्येक गल्ल्यांमध्ये जयंतीची वर्गणीसुद्धा एवढी जमत नाही.

शिकलेल्या तरुणांनी 'आमचा स्मार्टफोन आहे, आम्हाला हे लागू नाही' असं समजू नये. दुकान तेच आहे, शाखा नवी. एक-दोन रुपयांत ट्रायल घ्यायची आणि यूपीआय ऑटोपेला नकळत परवानगी देऊन बसायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण ढीगभर नोटिफिकेशनमध्ये ती वाचतं कोण? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे जे १३ प्रकार ठरवून त्यांना बंदी घातली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा हा एक प्रकार आहे. आपल्या यूपीआय अॅपमधला ऑटोपेचा भाग आजच उघडून बघा.

'बंद करा आणि विसरा' हा सल्ला मला पटत नाही. तेवढ्याने गेलेले पैसे परत येत नाहीत आणि कंपनीला काही त्रासही होत नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तिथे न्याय मिळाला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बरीच वर्षं टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं सांगून लोकांना परत पाठवलं जायचं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न ग्राहकाच्या बाजूने निकाली काढला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार एकच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागू शकतात.

ही एकत्र तक्रारीची तरतूद आपल्या कामाची आहे. एकट्या मावशीला काउंटरवर गप्प करणं सोपं असतं. एकाच वस्तीतल्या पंचवीस बाया एकाच कंपनीविरुद्ध, नोंदणी क्रमांकांसह आयोगात उभ्या राहिल्या तर 'तुम्हीच बटण दाबलं' हे उत्तर पुरणार नाही. त्या बटणाआधी कोणत्या भाषेत काय सांगितलं होतं, ते कंपनीला दाखवावं लागेल.

आमच्या विहारात पुढच्या दोन रविवारी वंदनेनंतर एक टेबल लावतोय. बायांनी फोन घेऊन यायचं, कॉलेजच्या पोरापोरींनी मेसेज वाचून दाखवायचे, वहीत तारीख, रक्कम आणि सेवेचं नाव उतरवायचं आणि तक्रार तिथेच नोंदवायची. सेवा लगेच बंद करून टाकू नका, आधी मेसेजचा फोटो काढा. आपल्या विहारात हे करणार असाल तर वहीचा नमुना माझ्याकडून मागून घ्या.

जयभीम.