आमच्या गावांच्या आरोग्याचे निष्कर्ष आमच्या ग्रामसभेत मांडा

प्रति,
मा. मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.
(मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली यांच्यामार्फत)

विषय : गडचिरोली जिल्ह्यातील आरोग्य संशोधनाचे निष्कर्ष ग्रामसभांना सांगणे व त्यावरील ग्रामसभांचे म्हणणे धोरण ठरवताना विचारात घेणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे या जिल्ह्यातील ग्रामसभांचे सदस्य, आशा कार्यकर्त्या आणि गावच्या आरोग्य व पोषण समित्यांवर काम करणारे लोक आहोत. आमच्या गावांत तपासणीची पथके येतात. रक्त घेतात, पोरांची वजने करतात, बायकांना बाळंतपणांचे प्रश्न विचारतात, कागदावर अंगठा घेतात. पुढे त्याचे काय झाले हे गावाला सहसा कळत नाही. आम्ही कोणत्याही एका संस्थेकडे बोट दाखवत नाही, कारण तक्रार पद्धतीची आहे.

हे सांगताना आम्हाला याच जिल्ह्याचा आधार आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी येथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा त्यांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाईने मुकाट सोसायचे, अशीच तोवर रीत होती. आकडा पुढे आल्यावर एकटीचे दुखणे सगळ्यांचे झाले. दारूचेही तसेच. जिल्हा दारूवर किती पैसा उडवतो याचा हिशेब लोकांपुढे मांडला गेला, त्यावरून चळवळ उभी राहिली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. दारूबंदीच्या अंमलाबद्दल आमच्यातच दुमत आहे. पण तो हिशेब नुसता कपाटात पडला असता, तर वाद घालायलाही काही उरले नसते.

नवजात बाळांचे उदाहरण तर शासनाच्याच कामी आले. 'सर्च'च्या अभ्यासात ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांनी बाळाचे श्वास मोजले, वजन केले, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन दिले. नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेचे काम देशभरातील आशांकडे आले. म्हणजे गावातून निघालेले ज्ञान दिल्लीपर्यंत पोहोचायला बारा वर्षे लागली. आमचे म्हणणे एवढेच की ते परत गावात यायला त्याहून उशीर होऊ नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत निष्कर्ष सहभागी व्यक्ती व समुदायापर्यंत पोहोचवण्याची अपेक्षा आहे. अपेक्षेला अट करावी, ही आमची मुख्य मागणी. जिल्ह्यात संशोधनाला परवानगी देतानाच निष्कर्ष कोणाला, कोणत्या भाषेत आणि कधी सांगणार हे लिहून घ्यावे, त्यासाठी खर्चाची तरतूद दाखवायला लावावी, आणि निष्कर्ष वाचून दाखवल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय शासकीय निधीचा शेवटचा हप्ता देऊ नये. औषधाचा गुण आला नाही, योजनेचा उपयोग झाला नाही, असे निघाले तरी तेही सांगावे. फसलेला प्रयोग लपवला की दोन वर्षांनी दुसरे पथक तोच घेऊन येते.

सांगण्याची रीतही ठरवावी लागेल. जाड अहवाल ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवणे म्हणजे सांगणे नव्हे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेराकडे बंगाली, अशा भाषांत समोर बसून बोलावे. टक्केवारीऐवजी शंभर चिंचोके मांडून दाखवले तर आमच्या म्हाताऱ्याही प्रश्न विचारतात. १ मेची ग्रामसभा तेंदूपानाच्या हंगामात येते आणि पावसात रोवणी चालते, तेव्हा गोटुलात माणूस सापडत नाही. तारीख गावाला विचारून ठरवावी. आणि हे काम आशांच्या गळ्यात फुकट घालू नये. मोबदला द्यावा, नवे रजिस्टर देऊ नये.

सगळेच सर्वांसमोर सांगावे असे मात्र आमचे म्हणणे नाही, आणि येथे शासनाने विशेष जपावे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासण्या आपल्याकडेही चालू आहेत. दोघेही नवरा-बायको वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी हे समजणे मोलाचे आहे. पण वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे नीट न सांगता साठ घरांच्या टोल्यात "इथे चार वाहक आहेत" असे जाहीर केले, तर ती चार माणसे कोण हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, आणि मग मुलींचीच लग्ने मोडतात, मुलांची नाही. म्हणून प्रत्येकाचा निकाल त्यालाच, एकांतात, समुपदेशनासह द्यावा. ग्रामसभेत मांडायचा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सगळ्या गावांचा मिळून असावा. एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार यांनाही हाच नियम लावावा.

गावाने ऐकून घेतले म्हणजे संपले, असेही नाही. लोक चुका दाखवतात. २००१ साली तेरा संस्थांनी मिळून केलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने सरकारी नोंदीत किती बालमृत्यू सुटतात ते दाखवले होते. कोणत्या घरात मूल गेले हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. तेव्हा आरोग्य केंद्राच्या जन्ममृत्यूच्या एकूण नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात आणि दुरुस्त्या लिहून घ्याव्यात. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती आपण होऊन द्यायला सांगतेच. ग्रामसभेने निष्कर्षांवर केलेला ठराव अहवालासोबत आपल्या विभागाकडे यावा, आणि त्यावर काय करणार, काय करणार नाही व का, याचे लेखी उत्तर साठ दिवसांत मिळावे. पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला मान आरोग्याच्या कामात असाच दिसेल.

सुरुवातीला भामरागड, एटापल्ली आणि सिरोंचा या तीन तालुक्यांत ही पद्धत लागू करावी. गेल्या पाच वर्षांत या तालुक्यांत परवानगी दिलेल्या सर्व अभ्यासांची यादी, संस्थेचे नाव व सद्यस्थिती यांसह, येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाने पंचायत समित्यांच्या फलकावर लावावी. या विषयावर आपल्या विभागाने बोलावलेल्या बैठकीला आमचे प्रतिनिधी दुभाष्यासह येतील. प्रवासखर्च आम्ही करू.

आपले,
ग्रामसभा सदस्य, आशा कार्यकर्त्या व ग्राम आरोग्य समित्यांचे सदस्य,
जिल्हा गडचिरोली
(सह्या व अंगठ्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प.